तशीच परत दिलेली फ्लॉपी

शेंगदाणे मंद आचेवर भाजावेत. लसूण सोलून घ्यावा. मीठ अंदाजानं.

विद्यापीठाच्या रस्त्याला पोलिसांची गाडी. आतला शिपाई मांडीवर डबा ठेवून जेवतोय.

फ्लॉपीच्या कडेला एक खाच असते. तिच्यावर काळी पट्टी चिकटवली, की आतलं वाचता येतं, पण आत काही लिहिता येत नाही.

स्कूटर आधी आडवी करायची, मग किक मारायची.

संक्रांतीला उपवास नसतो.

काळ्या पडद्यावर मधोमध, हिरव्या इंग्रजी अक्षरांत: सॉरी.

*

चितेगावच्या कारखान्यात प्लॅनिंगच्या कॉम्प्युटरनं पहिल्यांदा सॉरी म्हटलं, तेव्हा काकासाहेब औताडे आपल्या साहेबांच्या खुर्चीमागं उभे होते. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं, की ते थोडा वेळ गुमान काम करायचं. मग एकदम पडद्यावरचं सगळं पुसून तो एक शब्द लिहायचं आणि ठप्प व्हायचं.

"माफी मागतंय आणि काम करत नाही," साहेब म्हणाले. "आपल्या स्टाफची संगत लागली म्हणायची."

खोलीतले सगळे हसले. काकासाहेबही हसले, पण त्यांचं हसू ओठांच्या एका कडेलाच अडकून राहिलं. कारण साहेब मशीनमधल्या फायली एकेक करून उघडत होते, आणि कच्च्या मालाच्या फायलींमध्ये त्यांना 'चटणी' नावाची एक फाइल सापडली होती.

"शेंगदाणे मंद आचेवर भाजावेत," इंग्रजी अक्षरांतलं मराठी साहेबांनी अडखळत वाचलं. "लसूण सोलून घ्यावा. मीठ अंदाजानं. खलबत्त्यात कुटावी. मिक्सरला लावली तर ती चटणी नव्हे, आळस." त्यांनी चष्मा काढला. "हे कुणाचं आहे?"

कुणाचं आहे ते काकासाहेबांना पक्कं ठाऊक होतं. शब्द त्यांच्या आईचे होते, टायपिंग त्यांच्या बायकोचं होतं, आणि ज्या फ्लॉपीतून ते आलं ती त्यांनी स्वतः डब्याच्या पिशवीत, पोळ्यांच्या खाली घालून आणली होती.

"कुणीतरी घरून फ्लॉपी आणली असंल," ते म्हणाले.

"तिच्यातूनच व्हायरस आलाय. शोधून काढा, औताडे. तुमच्यावर सोपवतो. नव्या कॉम्प्युटर रूमचा चार्ज तुम्हाला द्यायचं घाटतंय, तेव्हा ही परीक्षाच समजा. आणि ज्याच्या घरून हे आलं, त्याला त्या खोलीत पाऊल टाकू द्यायचं नाही."

"नाही टाकू देणार," काकासाहेब ठासून म्हणाले, आणि आपण कुणाविषयी बोलतोय हे ध्यानात येऊन त्यांना जानेवारीत घाम फुटला.

*

त्याचं असं झालं होतं. कारखान्यात नवी मशिनं आली तेव्हा जुनी मशिनं स्टाफमध्ये चिठ्ठ्या टाकून वाटून दिली गेली. सिडकोतल्या ज्या तीन मजली बिल्डिंगमध्ये स्टाफचीच कुटुंबं राहत होती, तिथं अशी चार मशिनं आली. तळमजल्यावर सोनाजी गोरे, पहिल्या मजल्यावर औताडे आणि समोरच्या दारात बद्रीनाथ गायके, आणि औताड्यांच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर, क्वालिटी खात्यातले सूर्यभान हिवराळे.

मशिनं होती, पण फ्लॉप्या नव्हत्या. त्यामुळं त्यांची उसनवारी सुरू झाली. आणि उसनवारी म्हटलं की औताड्यांच्या घरात कायदा काकासाहेबांच्या आईचा, मनकर्णाबाईंचा. शेजाऱ्याचं भांडं त्यांनी जन्मात कधी रिकामं परत धाडलं नव्हतं. निदान चिमूटभर साखर तरी.

"ह्या चपट्या डब्यात काय असतं?" पहिल्या फ्लॉपीच्या वेळी त्यांनी सुनेला विचारलं होतं.

"काही नाय, आत्या. आपण घालू ते राहतं."

"मग घाल."

"काय घालू?"

"आगं, चटणी घाल."

सत्यभामेनं आधी नकार दिला, मग विचार केला, आणि मग सासूच्या तोंडून ऐकून चटणी टाइप केली. त्या दिवसापासून घरात आलेली एकही फ्लॉपी भरल्याशिवाय परत गेली नाही. गायक्यांच्या फ्लॉपीत चटणी गेली, गोऱ्यांच्या फ्लॉपीत चटणी आणि देवीची आरती गेली. त्यांच्याही बायका काही कमी नव्हत्या. गायक्यांकडून येसर आमटी आली, गोऱ्यांकडून ओव्या आल्या. काकासाहेबांनी कारखान्याची फ्लॉपी शनिवारी कामासाठी घरी आणली, तेव्हा मनकर्णाबाई म्हणाल्या, "कंपनीचं मीठ खातो आपण. ती बी रिकामी नको."

याच सुमारास काकासाहेबांनी छावणीतल्या एका ओळखीच्या माणसाकडून मोटारींच्या शर्यतीचा गेम आणला. घरी कुणाला न सांगता, दार लावून, ते मोटार पळवत असत. व्हायरस त्या मोटारीत बसून आला आणि मशीनमध्ये मुक्कामाला राहिला. पुढं या मशीनमध्ये जी जी पट्टी न लावलेली फ्लॉपी गेली, तिच्यात चटणीच्या जोडीनं तोही गेला.

*

कारखान्यातून आल्यावर काकासाहेबांनी घरचं मशीन चालू केलं. सॉरी.

इलाज त्यांना येत होता. मशीनसोबत आलेली मूळची सिस्टीम फ्लॉपी त्यांनी खाचेवर पट्टी लावून कपाटात जपली होती. तिच्यावरून मशीन सुरू करायचं, आतली रोगट सिस्टीम पुसायची, नवी लिहायची. त्यांनी तसं केलं. पडदा स्वच्छ झाला. त्यांनी उदबत्ती लावायचीच बाकी ठेवली.

दुसऱ्या दिवशी बद्रीनाथ गायके फ्लॉपी घेऊन आले. "वहिनीला सांगा, आमच्या हिनं पुरणाचे मांडे घातलेत यात."

सत्यभामेनं कौतुकानं मांडे उघडले. वाचून होईस्तोवर पडद्यावर सॉरी. काकासाहेबांनी पुन्हा मशीन स्वच्छ केलं आणि ती फ्लॉपी घेऊन गायक्यांच्या दारात जाऊन उभे राहिले.

"बद्रीनाथ, काही दिवस फ्लॉपी पाठवू नका. अन् आमचीही आली तर घेऊ नका."

बद्रीनाथांचा चेहरा उतरला. "काही चुकलं का आमचं?"

"चुकलं नाय. रोग आहे."

"आमच्या घरात रोग?"

"आमच्याही घरात आहे."

"मग तुमचा तो रोग अन् आमचं ते चुकलं, असं का?" बद्रीनाथ आत वळून बायकोला म्हणाले, "मांडे परत आले बरं का." आतून भांडं आपटल्याचा आवाज आला.

काकासाहेब ओशाळून माघारी फिरले. संध्याकाळी सोनाजी गोरे वर आले. त्यांचंही मशीन सॉरी म्हणत होतं. काकासाहेबांनी मोठ्या मनानं आपली सिस्टीम फ्लॉपी त्यांना दिली, कशी वापरायची ते नीट समजावलं, आणि हीच शेवटची स्वच्छ फ्लॉपी आहे, जिवापाड जपा, असंही सांगितलं. सोनाजींनी जपली. आपलं मशीन स्वच्छ केलं, मग राहिलेल्या जुन्या फ्लॉपीतून मुलाच्या जावळाचं निमंत्रण शोधून काढलं, आणि सकाळी हसतमुखानं फ्लॉपी परत आणून दिली.

काकासाहेबांनी ती उजेडात धरली. खाचेवरची पट्टी गायब होती.

"पट्टी कुठंय?"

"ती काढल्याबिगर आत काही घालता येत नव्हतं," सोनाजी म्हणाले. "तुमचीच रीत हाय ना. रिकामी कशी द्यावी? जावळाला सगळ्यांनी यायचं."

जावळाचं निमंत्रण वाचून झालं आणि औताड्यांच्या घरात पुन्हा सॉरी झालं. या वेळी पुसायला हातात काहीच नव्हतं.

*

"मुंबईहून माणूस यायला आठवडा लागेल," साहेब म्हणाले. "तोवर डिस्पॅच बंद ठेवू का? उद्या सकाळी कुठूनही एक निरोगी सिस्टीम फ्लॉपी आणा, औताडे. चार्ज घ्यायचाय ना? आणि ती चटणी कुणाची, लागला पत्ता?"

"जवळ आलोय," काकासाहेब म्हणाले. त्यात खोटं काहीच नव्हतं.

त्या संध्याकाळी तिघं पुरुष जिन्यात जमले. दारं उघडी होती, आतून बायका ऐकत होत्या. कुणाची फ्लॉपी कुणाकडं गेली याची उजळणी सुरू झाली.

"तुमच्याकडून मला आलं," बद्रीनाथ म्हणाले.

"माझ्याकडून सोनाजींना," काकासाहेब म्हणाले.

"माझ्याकडून परत तुमाला," सोनाजी म्हणाले. "अन् तुमच्याकडून कंपनीला. म्हणजे गाव फिरून आलं की ते."

"मग निरोगी कोण राहिलं?" बद्रीनाथांनी विचारलं.

मग सोनाजींनी हळूच छताकडं पाहिलं. बद्रीनाथांनीही पाहिलं. काकासाहेबांनी पाहिलं नाही. त्यांनी पायातल्या चपलेचा अंगठा नीट केला.

"वर काय गेलं नव्हतं का आपल्याकडून?" सोनाजींनी विचारलं.

"माझ्याकडून नाय," बद्रीनाथ म्हणाले.

"माझ्याबी नाय."

"तुमच्याकडून, काकासाहेब?"

"नाय," काकासाहेब म्हणाले. आतमध्ये मनकर्णाबाईंनी खलबत्ता थांबवला.

चार वर्षं एका जिन्यानं चढणारे-उतरणारे ते तिघं, त्या चार वर्षांत दुसऱ्या मजल्याकडं काय गेलं आणि तिथून काय आलं, हे आठवायचा प्रयत्न करत उभे राहिले. शेवटी बद्रीनाथ म्हणाले, "तुम्हीच जा वर. तुम्ही कॉम्प्युटरवाले."

*

जिना पंधरा-वीस पायऱ्यांचा होता, पण काकासाहेबांना त्यात दोनदा थांबावं लागलं.

पहिल्यांदा ते दिवाळीपाशी थांबले. दिवाळीत हिवराळ्यांनी एक फ्लॉपी खाली आणून दिली होती. "पोरीनं चित्र काढलंय मशीनवर. बघा अन् सांगा," ते म्हणाले होते. मनकर्णाबाईंनी ती फ्लॉपी घरात येऊ दिली नाही. ती दाराजवळ चपलांच्या फळीवर राहिली. सत्यभामेनं विचारलं, "यात काय घालू, आत्या?" आणि सासूबाई म्हणाल्या, "तशीच दे." सत्यभामेनं नवऱ्याकडं पाहिलं. नवऱ्यानं पंख्याकडं पाहिलं. दोन दिवसांनी काकासाहेबांनी फ्लॉपी वर नेऊन दिली आणि म्हणाले, "छान काढलंय."

दुसऱ्यांदा ते संक्रांतीपाशी थांबले. इतकी वर्षं रखडलेलं विद्यापीठाचं नामांतर त्या दिवशी झालं. शहरात बंदोबस्त होता, रस्ते सामसूम होते, आणि हिवराळ्यांच्या गॅलरीत दिव्यांची माळ लागली होती. ते पेढ्यांचा पुडा घेऊन प्रत्येक दारात आले. औताड्यांच्या दारात काकासाहेब उभे होते. मागं स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला नाही, नुसता बांगड्यांचा आला, आणि तेवढ्यानं काकासाहेब बोलून गेले, "आईचा उपवास आहे."

संक्रांतीला. घरभर तीळ भाजल्याचा वास सुटलेला असताना.

"बरं, बरं," हिवराळे म्हणाले होते आणि पुड्याचं झाकण लावून पुढच्या दारात गेले होते.

काकासाहेबांनी बेल वाजवली. दार हिवराळ्यांनीच उघडलं.

"या, औताडे. सुटला का उपवास आईंचा?"

काकासाहेबांची मान खाली गेली ती खालीच राहिली. तशा अवस्थेत ते खुर्चीवर बसले आणि आपलं काम सांगितलं. व्हायरस, कारखाना, जावळ, सगळं. फक्त हिवराळ्यांचंच मशीन कसं वाचलं, एवढं सोडून.

"आमच्या मशीनवर नाय आलं कधी सॉरी," हिवराळे शांतपणे म्हणाले. "खाली सगळ्यांकडं येतंय म्हणून ऐकलं होतं. म्हटलं, आपल्याकडं काय येत नाय."

आतून चहा आला. काकासाहेबांनी कप उचलला, आणि हिवराळे आपल्याकडं पाहत आहेत असं वाटून तो घाईनं तोंडाला लावला. जीभ भाजली. त्यांना ते योग्यच वाटलं.

"पोरीचं चित्र आवडलं होतं म्हणाला होता तुम्ही," हिवराळे म्हणाले. "काय काढलं होतं तिनं?"

दिवाळी होती. काकासाहेबांनी सगळ्यात सुरक्षित ते निवडलं. "पणती."

"पणती नव्हती."

"आकाशकंदील का?"

"तुम्ही होता," हिवराळे म्हणाले. "नुसत्या कीबोर्डवरच्या चांदण्यांच्या चिन्हांनी काढलं होतं. स्कूटर आडवी केलेली, तुम्ही किक मारताय, पोट असं पुढं. हुबेहूब. आम्ही हसून हसून बेजार. म्हटलं, काकासाहेबांना दाखवू, ते बी हसतील."

काकासाहेब हसले नाहीत. हसायची वेळ दिवाळीतच निघून गेली होती. कपात बघत त्यांनी उरलेला चहा संपवला.

हिवराळ्यांनी कपाटातून सिस्टीम फ्लॉपी काढली, खाचेवरची काळी पट्टी अंगठ्यानं दाबून पक्की केली आणि पुढं केली.

"ही पट्टी काढू नका. आत काही घालू नका. नेली तशीच परत आणा." मग म्हणाले, "जमंल तुम्हाला. सवय आहे."

*

सकाळी प्लॅनिंगचं मशीन बरं झालं. साहेबांनी डिस्पॅचचा कागद छापून निघालेला पाहिला आणि काकासाहेबांच्या पाठीवर थाप मारली.

"शाब्बास. कुठून मिळवली निरोगी फ्लॉपी?"

इथं नुसतं 'घरची' म्हटलं असतं तरी भागलं असतं. शब्द जिभेवर आलाही होता. पण जीभ भाजलेली होती.

"हिवराळ्यांची आहे. क्वालिटीतले."

"ते तुमच्याच बिल्डिंगमधले ना? सगळ्या बिल्डिंगला लागण झाली आणि त्यांना नाही, हे कसं काय?"

आता खरी पंचाईत झाली. खरं कारण असं होतं, की त्या घराशी आम्ही कुणी काही देत-घेत नाही. हे वाक्य काकासाहेबांनी मनात जुळवून पाहिलं. प्लॅनिंग खात्यात, साहेबांसमोर, ट्यूबलाइटच्या उजेडात ते उच्चारता येण्यासारखं नव्हतं.

"ते फार काळजी घेतात," काकासाहेब म्हणाले.

"म्हणजे?"

"बाहेरची फ्लॉपी घेत नाहीत. आपली कुणाला देत नाहीत. दिली तर पट्टी लावून. एकदम कडक माणूस."

"असं?" साहेब खुर्चीत सरळ झाले. "तुम्हाला सांगतो, औताडे, मी असाच माणूस शोधत होतो. अख्ख्या बिल्डिंगमध्ये एकटा माणूस शिस्तीनं राहतो, याला नेट लागतो. तुम्ही स्वतः त्याचं नाव घेताय, यात तुमचा मोठेपणा आहे. तुमची हरकत नसेल तर कॉम्प्युटर रूमचा चार्ज त्यांनाच देऊ."

काकासाहेबांना हरकत होती. पण ती मांडायची तर कारण मांडावं लागलं असतं.

"नाही, हरकत कसली," ते म्हणाले.

"आणि ती चटणी?"

"ती माझ्या आईची आहे, साहेब."

साहेबांनी पुन्हा चष्मा काढला. मग म्हणाले, "मग तुम्ही त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. ठरलंय आपलं."

*

संध्याकाळी बिल्डिंगमधली सगळी मशिनं त्याच फ्लॉपीनं बरी झाली. कुणीही आत काही घातलं नाही. सोनाजींना मात्र फार जड गेलं.

"आता ही परत द्यायची," काकासाहेब घरात म्हणाले.

"रिकामी?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"तशीच. भरली तर बिघडती."

चार्ज कुणाला मिळाला हे मनकर्णाबाईंना कळलं होतं. मुलगा वर चहा पिऊन आल्याचंही कळलं होतं. त्या उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि संक्रांतीचे उरलेले तिळाचे लाडू वर्तमानपत्रात बांधून घेऊन आल्या.

"मग संगं हे ने."

काकासाहेबांनी पुडीकडं पाहिलं. "बद्रीनाथाकडं देताना तू वाटीत देतीस."

"वाटी दिली म्हंजी वाटी परत येती, काका."

"व्हय."

"भरून येती."

"व्हय."

मनकर्णाबाईंनी पदर सारखा केला आणि खिडकीबाहेर पाहिलं. काकासाहेब पुडी हातात धरून उभे राहिले. आपल्याला चाळिशी आली आणि आईला यापुढं काय म्हणावं ते अजून येत नाही, याची त्यांना लाज वाटली. मग सत्यभामेनं, कुणी न सांगता, फळीवरून स्टीलची वाटी काढली आणि नवऱ्यासमोर धरली. काकासाहेबांनी पुडी सोडून लाडू वाटीत ओतले. एक खाली पडला, तो मनकर्णाबाईंनी उचलला, फुंकला, आणि वाटीत ठेवला.

काकासाहेब एका हातात वाटी आणि दुसऱ्या हातात फ्लॉपी घेऊन जिना चढू लागले.

चार वर्षांपूर्वी औताड्यांचं सामान ट्रकमधून उतरलं त्या दिवशी बिल्डिंगच्या नळांना पाणी नव्हतं. पहिली कळशी दुसऱ्या मजल्यावरून, हिवराळ्यांच्या घरून आली होती. मनकर्णाबाई तिच्यातलं दोन तांबे पाणी प्यायल्या होत्या. आडनाव दुसऱ्या दिवशी कळलं.